आधी वेग सोडा, मग अंतर जोडा

नमस्कार. माझं वय ४२. शाळेत खेळाच्या तासाला सावली शोधून बसणाऱ्यांपैकी मी एक. सात महिन्यांपूर्वी चालायला लागले, मग हळूहळू धावायला. आता आठवड्यातून तीनदा पाच किलोमीटर न थांबता धावते. जीव काढून धावले तर साडेछत्तीस मिनिटं लागतात. ऑफिसातल्या चौघांनी हाफ मॅरेथॉनला, म्हणजे एकवीस किलोमीटरच्या शर्यतीला, नाव नोंदवलं, त्या भरात मीही नोंदवलं. शर्यतीला सोळा आठवडे आहेत. गेल्या रविवारी त्यांच्याबरोबर नऊ किलोमीटरच्या लाँग रनला गेले. ते किलोमीटरला साडेसहा मिनिटांच्या वेगाने गप्पा मारत धावत होते. मी दोन किलोमीटर कशीबशी त्यांच्याबरोबर राहिले, मग मागे पडत गेले आणि साडेसहा किलोमीटरला थांबले. थांबताच डोळ्यांपुढे अंधारी आली. उरलेलं अंतर चालत गेले, ते सगळे शेवटी माझी वाट बघत उभे होते. फार लाज वाटली. दोन आठवड्यांपासून डावी नडगी आतल्या बाजूने दुखते आहे. ॲपने पाच दिवसांचा आराखडा दिलाय, त्यात टेम्पो (बराच वेळ सलग जोरात धावणं) आणि इंटरव्हल (मधे विश्रांती घेत जलद तुकडे धावणं) आहेत. नवरा म्हणतो, गुडघे झिजतील. शर्यतीची मुदत तीन तासांची आहे. नाव मागे घेऊ का? आणि मधेमधे चालत पूर्ण केलं तर ती फसवणूक नाही का?

— अर्ध्यावर अडकलेली

नमस्कार,

नाव मागे घेऊ नका, निदान आज तरी. सोळा आठवडे पुरेसे आहेत. सात महिन्यांत शून्यावरून सलग पाच किलोमीटरवर आलेल्या बाईला धावता येत नाही, असं म्हणायला काही आधार नाही. पण पुढचं सगळं ज्यावर ठरणार आहे ती गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत: नडगी. लाज, ॲप, नवऱ्याचं म्हणणं हे सगळं तिच्यानंतर.

आज संध्याकाळी खुर्चीत बसा, डावा पाय उजव्या मांडीवर टाका आणि नडगीच्या हाडाची आतली कड घोट्यापासून वरपर्यंत बोटाने दाबत जा. चार-पाच बोटं किंवा त्याहून लांब पट्टा दुखत असेल, धावायला लागल्यावर दुखणं जाणवून अंग गरम झालं की कमी होत असेल, तर तो बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त भारामुळे नडगीच्या कडेला आलेलं दुखणं. नवख्यांना हा गाठतोच, आणि भार कमी केला की आवरतोही. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, साधं चालताना दुखत असेल, रात्री अंथरुणात ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे हाडाला बारीक चीर पडल्याची शंका घ्यायची. मग एक पाऊलही धावायचं नाही, अस्थिरोगतज्ज्ञांकडे जायचं. एका पायावर उडी मारून बघण्याची चाचणी तुम्ही कुठेतरी वाचली असेल. ती या खुणा दिसत असताना स्वतःवर करू नका, तपासणाऱ्याला करू द्या. आणि एक्स-रे साफ आला म्हणून लगेच बूट चढवू नका. अशी चीर सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयवर दिसते. डॉक्टरांना पाळीबद्दलही सांगा. अलीकडे ती चुकत असेल, किंवा धावणं सुरू केल्यावर वजन उतरावं म्हणून तुम्ही जेवण कमी केलं असेल, तर त्याचा हाडांशी थेट संबंध आहे. तुमच्या वयात पाळी मागेपुढे होण्याची इतरही कारणं असतात, त्यामुळे त्याचा अर्थ त्यांनाच लावू द्या.

नडगीच का दुखली, हे कळलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं मिळतील. धावायला लागल्यावर शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. हृदय, रक्ताभिसरण आणि स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता काही आठवड्यांतच सुधारते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अचानक ‘जमायला लागलं की!’ असं वाटतं. कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं मात्र महिन्यांच्या हिशेबाने बदलतात. हाडावर नवा भार आला की शरीर आधी तिथला जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. या सगळ्या फेरीला तीन-चार महिने लागतात, आणि मधल्या काळात ती जागा उलट थोडी कच्ची असते. म्हणजे दम ‘चल’ म्हणत असतो तेव्हा नडगीची तयारी अजून चाललेलीच असते. बहुतेक नवखे जायबंदी होतात ते याच काळात, आणि ते आळशी असतात म्हणून नव्हे, उत्साही असतात म्हणून.

आता त्या रविवारचा हिशेब बघू. तुमचं जीव काढून धावलेलं पाच किलोमीटर साडेछत्तीस मिनिटांचं, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं अठरा सेकंद. तो तुमचा आजचा सगळ्यात जलद वेग. तुमचे सहकारी साडेसहाच्या वेगाने गप्पा मारत होते, कारण त्यांच्यासाठी तो आरामाचा वेग आहे. तुम्हाला ज्या वेगाने आज पाच किलोमीटरही होणार नाहीत, त्या वेगाने तुम्ही नऊ करायला निघालात. यात दम कमी पडला असं म्हणणंच चूक आहे. गणितच असं होतं की कुणीही थांबलं असतं. तुमच्या सहकाऱ्यांना त्यांच्या पाच किलोमीटरच्या वेगापेक्षा पाऊण मिनिट जलद पळणाऱ्यांच्या मागे सोडा, तेही तिथेच थांबतील.

अंधारी आली ती थांबल्यावर, धावताना नाही, हे तुम्ही नेमकं लिहिलंत ते बरं झालं. जोरात धावताना पायांचे स्नायू आकुंचन पावून रक्त वर ढकलत असतात. एकदम उभं राहिलं की ते काम बंद पडतं, रक्त पायांत साचतं आणि रक्तदाब घसरतो. म्हणून कितीही दमलात तरी थांबू नका, चालत राहा. पण अंधारी धावत असताना आली, छातीत दडपण किंवा दुखणं जाणवलं, छातीत अनियमित धडधड झाली, किंवा घरात कुणाचा तरुण वयात अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला असेल, तर सराव पुढे नेण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या. खरं तर चाळिशीनंतर, वर्षानुवर्षं बैठ्या कामानंतर हाफ मॅरेथॉन धावायला निघालेल्या प्रत्येकाने एकदा डॉक्टरांना भेटावं, मला यात काही अति वाटत नाही.

मग कुठल्या वेगाने धावायचं? पूर्ण वाक्यं बोलता येतील इतक्या. ‘हो’, ‘नाही’, ‘थांब’ असे सुटे शब्द नव्हेत, मधे श्वास न तोडता चांगली लांब वाक्यं. तुमच्या बाबतीत आज हे बहुधा किलोमीटरला सव्वाआठ ते पावणेनऊ मिनिटांच्या आसपास येईल. उन्हात किंवा चढावर आणखी हळू. पहिल्या आठवड्यात हे तुम्हाला अपमानास्पद हळू वाटेल. शेजारून चालणारे पुढे निघून जातील की काय अशी भीती वाटेल, क्वचित जातीलही. घड्याळ आणि ॲप तुम्हाला ‘सुमार’ ठरवतील. मनगटावरच्या घड्याळाने काढलेला तो व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं त्याचा) आकडा म्हणजे अंदाज असतो. त्याच्याकडे बघणं सोळा आठवडे बंद केलंत तर काही बिघडणार नाही. नाडीचं गणितही तसंच: २२० मधून वय वजा करून काढलेला कमाल ठोक्यांचा आकडा व्यक्तीगणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज असतो. तोंडाने बोलता येणं ही त्याहून भरवशाची खूण.

हळू धावणं ही नवख्यांना दिलेली सवलत आहे असं समजू नका. स्टीफन सायलर या संशोधकाने जगातल्या अव्वल दर्जाच्या धावपटूंचा, स्कीपटूंचा, नौकानयनपटूंचा सराव तपासला तेव्हा त्यांच्या सरावातली साधारण ८० टक्के सत्रं सोप्या, बोलता येईल अशा जोराचीच निघाली. केशवाहिन्यांचं जाळं वाढणं, स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढणं, चरबी जाळून पुढे जाण्याची सवय लागणं, हाफ मॅरेथॉनला लागणारी ही सगळी बांधणी हळू आणि लांब धावण्यातून उत्तम होते, आणि तीही हाडांकडून कमी किंमत वसूल करून.

मागे पडण्याची लाज वाटली म्हणालात. तुमच्या पंगतीत एक मोठं नाव बसवते. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी ऑलिम्पिक विजेते तर घडवलेच, पण साठच्या दशकाच्या सुरुवातीला मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या, हृदयविकारातून उठलेल्या सामान्य माणसांनाही त्यांनी सावकाश धावायला लावलं. १९६२ मध्ये अमेरिकेतले नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांना भेटायला गेले आणि अशाच एका मंडळीबरोबर धावायला निघाले. थोड्याच वेळात बॉवरमनना धाप लागली आणि ते मागे पडले. तेव्हा त्यांना सोबत करायला मागे राहिला तो सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक गृहस्थ, आणि तो त्यांच्याशी गप्पा मारत धावत होता. बॉवरमन स्वतः ऑलिम्पिक दर्जाचे धावपटू घडवणारे प्रशिक्षक. ते परत गेले ते सावकाश धावण्याचा प्रचार करायचं ठरवूनच, आणि १९६७ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तकही आलं. गंमत बघा, ज्याला जॉगिंग म्हणून सगळं जग ओळखतं ते अमेरिकेत पसरलं त्यामागे एका मोठ्या प्रशिक्षकाचं असं मागे पडणं होतं.

तेव्हा सहकाऱ्यांना सांगा, ‘सुरुवातीला भेटू, शेवटी चहाला भेटू, मधलं अंतर मी माझं धावीन.’ भले असतील तर त्यांना पटेल. नाही पटलं तर रविवार एकटीने धावा. लाँग रन ही तशीही बऱ्यापैकी एकट्याची गोष्ट आहे.

आता आराखडा. पाच दिवसांचा ॲपवाला सोडून द्या. तीन दिवस धावा, दोन दिवस पायांची ताकद वाढवा, उरलेले दोन दिवस काही नाही. काही नाही म्हणजे खरंच काही नाही.

पहिले दोन आठवडे नडगीचे. शिन स्प्लिंटच असेल तर धावणं निम्म्यावर आणा, तेही मऊ जमिनीवर, सपाटीवर. सायकल, पोहणं चालेल. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण द्यायची सवय लावा. धावताना तीनपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल टाकताना काहीच नाही, असं असेल तर पुढे जायला हरकत नाही. चार-पाचवर गेलं किंवा सकाळी लंगडावं लागलं, तर दोन-तीन दिवस विश्रांती घ्या आणि पुन्हा आधीच्या अंतरावर जा. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

तिसऱ्या आठवड्यापासून रविवारचं अंतर वाढवायला घ्या: ७ किलोमीटर, साडेसात, ८, मग एक हलका आठवडा ६ चा. पुढे ९, १०, ११, पुन्हा हलका ८. मग १२, १३, साडेचौदा, १६. हा झाला चौदावा आठवडा. पंधराव्यात नऊ-दहा, सोळाव्यात शर्यत. मधल्या दोन दिवशी चार ते सहा किलोमीटर, त्याच गप्पांच्या वेगाने. दहाव्या आठवड्यानंतर नडगी गप्प असेल तर त्यातल्या एका दिवशी शेवटी वीस-वीस सेकंदांच्या चार जलद पण सैल धावा करा, मधे भरपूर चालून. इंटरव्हलची हौस एवढ्यावरच भागवा. टेम्पो पुढच्या वर्षी.

हे अंतर मी असं मुंगीच्या पावलांनी का वाढवते आहे? तुम्ही ‘आठवड्याला दहा टक्के’ हा नियम ऐकला असेल. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनच्या संशोधकांनी नवख्या धावपटूंवर तो तपासला होता, २००८ मध्ये. दहा टक्क्यांच्या नियमाने हळू वाढवणारा गट आणि त्याहून जलद वाढवणारा गट, दोन्हींत दुखापतींचं प्रमाण सारखंच निघालं. पुढे २०२५ मध्ये पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या नोंदींवरचा अभ्यास आला, आणि त्यात धोका दिसला तो आठवड्याच्या बेरजेत नाही, एका दिवसाच्या उडीत. मागच्या तीस दिवसांतल्या सगळ्यात लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त एकाच दिवशी धावलं की दुखापतीची शक्यता वाढते. तुमच्या पत्राला हे अगदी लागू पडतं: पाचाची सवय, आणि एका रविवारी नऊचा बेत. माझ्या आराखड्यात तीन-चार पायऱ्या दहा टक्क्यांच्या जराशा वर जातात. कॅल्क्युलेटर घेऊन बसू नका, उडी मारू नका एवढंच.

चाणाक्ष वाचक इथे विचारेल की सोळावरून एकवीस ही तर तीस टक्क्यांची उडी झाली. झालीच. नवख्यांच्या बहुतेक आराखड्यांत सगळ्यात लांब धाव सोळा किलोमीटरच्या आसपास थांबते, कारण सरावात एकवीस धावून त्यातून सावरायला जो वेळ जातो तो परवडत नाही. ती उडी शर्यतीच्या दिवशी एकदाच घ्यायची, ताज्या पायांनी आणि चालण्याचे तुकडे पेरून.

म्हणजे आलो तुमच्या फसवणुकीच्या प्रश्नावर. हाफ मॅरेथॉनचं अंतर २१.०९७५ किलोमीटर. ते स्वतःच्या पायांनी कापायचं, एवढीच अट. चालायला बंदी कुठल्याच नियमात नाही. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेले जेफ गॅलोवे यांनी सत्तरच्या दशकापासून लोकांना धावत-चालत-धावतच शिकवलं. त्यातली मेख अशी की दमल्यावर चालायचं नाही. दमण्याआधी, पहिल्या किलोमीटरपासून, ठरलेल्या वेळी चालायचं. दमून चालू लागलेल्याला पुन्हा धावणं जड जातं. ठरवून चालणारा दर वेळी बऱ्यापैकी ताजा निघतो, आणि नडगीलाही दर चार-पाच मिनिटांनी जरा उसंत मिळते. तुमच्यासाठी चार मिनिटं धावणं, एक मिनिट भरभर चालणं, हे प्रमाण मी सुचवेन आणि ते पहिल्या लाँग रनपासूनच वापरा.

मुदतीची भीती असेल तर हे बघा. तीन तासांत एकवीस म्हणजे किलोमीटरला साधारण आठ मिनिटं बत्तीस सेकंद. शर्यतीच्या दिवसापर्यंत तुम्ही धावण्याची चार मिनिटं पावणेआठच्या वेगाने आणि चालण्याचं एक मिनिट साडेदहाच्या वेगाने काढू शकलात, तर सरासरी येते आठ मिनिटं अकरा सेकंद आणि एकूण वेळ दोन तास ५३ मिनिटांच्या आत. पीट रीगल या अमेरिकी अभियंत्याने एका अंतरावरच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढायचं सूत्र दिलंय, त्यात तुमची साडेछत्तीस मिनिटं घातली तर २ तास ४८ मिनिटं येतात. हे सूत्र नवख्यांना जरा जास्तच आशा दाखवतं, कारण ते अंतराचा पुरेसा सराव गृहीत धरतं. पण चार महिन्यांत तुमचं पाच किलोमीटरही सुधारेलच. म्हणजे तीन तास गाठता येतील, फार ऐसपैस नाही, पण येतील. मात्र आयोजकांना एक गोष्ट आधीच विचारून ठेवा: मुदत सुरुवातीच्या भोंग्यापासून मोजतात की तुम्ही सुरुवातीची रेघ ओलांडल्यापासून? मोठ्या गर्दीत मागे उभं राहिलं तर या दोन्हींत काही मिनिटांचा फरक पडतो, आणि तुमच्याकडे वाटून टाकायला फारशी मिनिटं नाहीत. मधल्या टप्प्यांवरही मुदत असते का, तेही विचारा.

नाव मागे घ्यायचा निर्णय नवव्या-दहाव्या आठवड्यात घ्या. तेव्हा दहा-अकरा किलोमीटर नडगीच्या तक्रारीशिवाय होत असतील तर पुढे जायचं. नसतील तर दहा किलोमीटरच्या गटात बदल करून मिळतो का, किंवा नाव पुढच्या वर्षी नेता येतं का, ते पाहा; अशी विनंती किती तारखेपर्यंत करता येते ते मात्र आजच बघून ठेवा. आजारपण, ऑफिस, पाहुणे यांनी एखादा आठवडा बुडाला तर बुडाला. बुडालेल्या धावा पुढच्या आठवड्यात भरून काढायच्या नाहीत. ताप असेल तर अजिबात धावायचं नाही.

नवऱ्याला सांगा की गुडघ्यांबद्दलची काळजी प्रेमाची आहे, पण पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात हौशी धावपटूंमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के होतं, आणि न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांत मात्र १३.३. धावल्याने गुडघे दुरुस्त होतात असा याचा अर्थ नाही, ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते धावायला येतच नाहीत हाही भाग त्यात आहेच. पण हौशी धावण्याने गुडघे झिजतात हे म्हणणं या आकड्यांपुढे टिकत नाही.

ताकदीचे दोन दिवस लोक हमखास गाळतात, तुम्ही गाळू नका. वीस मिनिटं पुरतात. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करणं, आधी गुडघा सरळ ठेवून, मग किंचित वाकवून; गुडघा वाकवला की पोटरीच्या आतल्या स्नायूला काम मिळतं, आणि धावताना नडगीवर येणारा ताण झेलण्यात त्याचा वाटा मोठा असतो. दोन्ही पायांवर जमलं की एका पायावर, आणि वीसपर्यंत पोचायचं ध्येय ठेवा. त्याबरोबर बैठका, एका पायाने पायरी चढ-उतर, कुशीवर झोपून पाय वर उचलणं. धावताना पावलं जरा आखूड आणि जरा जास्त टाका, आताच्यापेक्षा पाच टक्क्यांनी जास्त एवढंच. गुडघ्यावरचा भार त्याने कमी होतो. मिनिटाला १८० पावलांचा आग्रह कुणी धरला तर ऐकून सोडून द्या. तो आकडा ऑलिम्पिकमध्ये शर्यतीच्या वेगाने पळणाऱ्यांकडे बघून आलेला आहे. सुरू करण्याआधी ताणून धरण्याचे व्यायाम करत बसण्यापेक्षा पाच मिनिटं भरभर चाला.

बुटांवर फार बोलत नाही. घालताक्षणी आरामदायी वाटणारे, अंगठ्यापुढे बोटभर जागा असणारे घ्या, आणि शर्यतीच्या दिवशी नवे घालू नका. मोजे, कपडे यांनाही हेच लागू. बारा किलोमीटरच्या पुढे कपडा कुठे घासतो ते कळतं, तिथे आधीच व्हॅसलीन लावा.

खाण्याचं: तासाभराच्या धावण्यात मधे काही खायची गरज नसते. दीड तासाच्या पुढे गेलात की दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे जेल (धावता धावता खायची गोड, दाट पेस्ट) किंवा तुमच्या पोटाला मानवेल असं काही गोड, पहिल्या पाऊण तासापासूनच थोडंथोडं. पोटालाही सराव लागतो, म्हणून हा प्रयोग बारा किलोमीटरच्या रविवारपासून करा. शर्यतीआधीचा नाश्ता दोन-तीन तास आधी, आणि लाँग रनच्या आधी खाऊन पाहिलेलाच.

पाणी तहान लागेल तसं प्या, ‘वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन ग्लास’ असं नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शेवटच्या रेषेवर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं आढळलं, आणि त्याच्याशी सगळ्यात घट्ट संबंध होता तो धावताना वजन वाढण्याचा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी पिण्याचा. सावकाश धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण त्यांना प्यायला वेळही जास्त मिळतो. आणि कृपा करून शर्यतीच्या सकाळी ‘खबरदारी म्हणून’ वेदनाशामक गोळी घेऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या लांब धावण्यात मूत्रपिंडावर ताण आणतात, शिवाय नडगी काय सांगते आहे तेही तुम्हाला ऐकू येणार नाही.

शेवटचे दोन आठवडे विचित्र जातात. अंतर कमी केल्यामुळे पाय जड वाटतात, आजवर कधी न दुखलेल्या जागा दुखल्यासारख्या वाटतात, आणि आपण सगळं विसरलो अशी खात्री पटते. या काळात केलेला जादा सराव शर्यतीत उपयोगी पडत नाही, नुसता थकवा घेऊन येतो. झोपा.

शर्यतीच्या दिवशी मागे उभ्या राहा. भोंगा वाजला की सगळे सुसाट सुटतात. त्यांना जाऊ द्या, तुमचे चौघेही त्यात असतील. पहिले तीन किलोमीटर धावण्याचा तुकडा आठच्या वेगाच्या आत जाऊ देऊ नका. चार मिनिटांनंतरचं पहिलं चालणं सगळ्यात अवघड, कारण तेव्हा तुम्ही ताज्या असता आणि आजूबाजूला सगळे धावत असतात. तरीही चाला. सोळाच्या पुढचा रस्ता तुमच्यासाठी नवा असेल, तिथे जड वाटायला लागलं तर तीन मिनिटं धावा आणि एक चाला. संपल्यावर गाडीत जाऊन बसू नका, दहा मिनिटं चाला. दुसऱ्या दिवशी जिने उतरताना मांड्या बोंब मारतील, ते आठवडाभरात जातं. तोवर धावायचं नाही.

बाकी सगळं होईल, पण नडगीची परीक्षा आज करा आणि काय आढळलं ते मला कळवा. कळ एकाच जागी असेल तर हे उत्तर तिथेच थांबवून आधी डॉक्टरांची वेळ घ्या, आराखडा आपण नंतर बदलून घेऊ.